हात मागे घेऊन

फेब्रुवारी अर्धा उलटला की नाशिकच्या द्वारका चौकात द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहू लागतात. ट्रकचा धूर, बसचे हॉर्न, आणि त्या सगळ्याच्या मधोमध पिवळसर हिरव्या घडांचे ढीग. गाडीवाला एखादा घड देठाला धरून उन्हात उचलतो आणि उजेड त्यातून आरपार जातो. लोक ते बघून थांबतात. मी स्कूटरचा वेग वाढवतो. नाशिकात जन्मलेल्या माणसाने द्राक्षांकडे पाठ फिरवावी हे तसं विचित्रच. पण त्या वासाबरोबर मला माझा एक जुना मत्सर आठवतो, आणि तो अजून पुरता मेलेला नाही.

मत्सर हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. इतकी वर्षं मी स्वतःशी त्याला 'हेवा' म्हणत आलो. हेवा म्हटलं की त्यात थोडं कौतुक मिसळल्यासारखं वाटतं. माझ्यात कौतुक नव्हतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा काळ नेमका याच दिवसांत येतो. चाळीस दिवस रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा. बैठकीच्या खोलीतला पलंग उभा करून ठेवायचा, सतरंजी अंथरायची, दाराबाहेर चपलांचा ढीग. पेटीचा भाता जुना, त्यामुळे भजनाच्या मधेच सूर दम लागल्यासारखा खाली बसायचा. शेवटी चहा आणि चिवडा. बाहेर मार्चचं ऊन उतरत आलेलं असायचं, आणि वारा बागांच्या बाजूने फिरला की औषध फवारल्याचा, गंधकाचा किंचित वास शहरातही यायचा. माझ्या लहानपणी मला वाटायचं, तो वास उपासाचाच आहे.

आणि लेंटच्या शेवटी, पवित्र गुरुवारच्या प्रभुभोजनासाठी, ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीसाठी, द्राक्षांचा रस. बाहेरगावच्या मंडळ्या बाटलीतलं काहीबाही वापरत. आमच्याकडे रस घरी व्हायचा, आणि तो अण्णा करायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. माझ्या जन्माच्या आधीपासून ते काम त्यांच्याकडे होतं. काळी द्राक्षं आणायची, एकेक मणी देठापासून सोडवायचा, तीन पाण्यांनी धुवायचा. पातेल्यात मंद आचेवर नुसती वाफ धरू द्यायची, उकळी येऊ द्यायची नाही. मग हाताने कुस्करून पांढऱ्या कोऱ्या कापडातून गाळायचा. साखर नाही, आणि करणाऱ्याने चव घ्यायची नाही. पहिल्यांदा तो रस तोंडाला लागायचा तो सगळ्यांबरोबर, गुरुवारीच.

त्याच्याही आधी अण्णांचा एक नेम होता. रस करणाऱ्याने आदल्या दिवशी, ज्याच्याशी आपलं मन साफ नाही अशा माणसाच्या घरी जायचं आणि त्याच्या हातचा चहा पिऊन यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या आधी रस करणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांना तसं सांगितलं होतं. आई हसायची. म्हणायची, "यांना वर्षातून एकदाच भांडणं आठवतात, आणि तीही चहाला." पण अण्णा जायचे. एका वर्षी घराच्या हद्दीवरून ज्याच्याशी कोर्टकचेरी चालली होती त्याच्याकडे गेले. त्याने चहा दिला नाही, तर पायरीवर बसून पाणी मागून प्यायले आणि घरी येऊन म्हणाले, पाण्यावर भागलं.

मी दहा वर्षांचा असल्यापासून रसाच्या बाटल्या चर्चपर्यंत नेल्या आहेत. तेव्हा ते काम पुढे माझ्याकडे येणार, हे मी धरूनच चाललो होतो. घराचं दार, अण्णांचं लाकडी कपाट, तसंच तेही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चौतिशीचा, जिल्हा परिषदेत कारकून. प्रार्थना मी चांगली करायचो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तो माझ्या गुन्ह्याचा भाग आहे. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, कुणाच्या दुखण्याचं नाव कोणत्या वाक्यात घ्यायचं, हे मला कळायचं. बायका डोळे पुसायच्या. कुणाच्या घरी वास्तू असो की मयत, निरोप यायचा, विजयभाऊंना प्रार्थनेला बोलवा.

त्याच सुमारास मनोहर आमच्या मंडळीत आला. सायखेड्याकडचा. द्राक्षांच्या आणि भाजीच्या पेट्या वाहणारा टेम्पो चालवायचा. उंच, किंचित वाकलेला, बोटांच्या पेरांत वंगण. वाचता येत नव्हतं. भजनाच्या वेळी पुस्तक हातात धरायचा, पण अर्ध्याहून अधिक वेळ ते उलटं असायचं. त्याला प्रार्थना करायला सांगितलं की उभा राहायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "देवा, तुला सगळं म्हाईत हाय. आमेन." पोरं खुसखुसायची. मीही हसायचो, आणि हसताना मला बरं वाटायचं.

आदल्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. दर रविवारी सकाळी मनोहर टेम्पो घेऊन दाराशी यायचा, अण्णांना दोन्ही हातांवर उचलून केबिनमध्ये बसवायचा आणि चर्चला न्यायचा. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी रिक्षा बघत होतो, पण पहिल्याच रविवारी तो आधी आला. मग ते तसंच सुरू राहिलं.

एका रविवारी मी अंघोळ करून बाहेर आलो तर तो ओट्यावर अण्णांच्या पायाशी बसून त्यांची नखं कापत होता. अण्णा डोळे मिटून बसले होते. मला धक्का बसला तो याचा की अण्णांची नखं एवढी वाढली आहेत हे मला दिसलंच नव्हतं. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करत होतो, त्यांच्या उजव्या हाताचं नाव घेऊन. नखांचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मी म्हणालो, "अरे, मी करणारच होतो." मनोहर म्हणाला, "करा की. डावा पाय ऱ्हायलाय." आणि त्याने नेलकटर माझ्या हातात दिलं. त्याने ते इतक्या सरळ मनाने दिलं की मला ते तोंडावर फेकल्यासारखं लागलं.

तेव्हापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवू लागलो.

मला वाटतं, ख्रिस्ती माणसात ही एक खास खोड असते. आपण कसं वागावं हे आपल्याला लहानपणापासून इतकं सांगितलेलं असतं की दुसरा तसं सहज वागताना दिसला की आपल्या घरातली वस्तू त्याने उचलून नेली असं वाटतं. मी प्रयत्न करून पाहिला. एका सकाळी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला मी आग्रहाने स्कूटरवर बसवलं. तो नको नको म्हणत होता, मला ते भिडस्तपणाचं वाटलं. पंचवटीपर्यंत नेऊन सोडल्यावर तो काकुळतीने म्हणाला की त्याचा मुलगा त्याला न्यायला तिकडे येणार होता, आता त्याला कसं शोधू. मी त्याला परत नेऊन सोडलं. मुलगा चिडून उभाच होता. ऑफिसला उशीर झाला. संध्याकाळी घरी मात्र मी सांगितलं की एका म्हाताऱ्याला मदत केली.

द्वारकेजवळ रस्त्याकडेला हिराबाई बसायची. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, आणि सणावाराला झेंडू. सात-आठ वर्षं मी तिच्याकडून भाजी घेत होतो. एकदा मनोहरच्या टेम्पोचं चाक तिच्या फुलांच्या पाटीवरून गेलं. दुसरा कुणी असता तर गर्दीत सटकला असता. हा टेम्पो बाजूला लावून तिच्याजवळ बसला आणि उरलेल्या फुलांच्या माळा ओवायला लागला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. "त्याच्या माळा म्हंजे," हिराबाई मला सांगत होती, "एकीकडं जाड, एकीकडं बारीक. गिऱ्हाईक हात लावंना. शेवटी म्या त्याच्याच टेम्पोला बांधल्या." झेंडूच्या माळांनी सजलेला तो टेम्पो रविवारी चर्चच्या दारात उभा राहिला तेव्हा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांमधे कुजबूज झाली होती. मी त्यात होतो.

तिने हे सांगितलं तेव्हा मी उगाच म्हणालो, तो आमच्याच मंडळीतला आहे. हिराबाईने कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता माझ्याकडे वर पाहिलं.

"आता गं बया. तुमी बी त्यातलेच का? इतक्या वर्सांत कधी वाटलं नाय."

तिच्या मनात काही नव्हतं. मी जुडी पिशवीत टाकली आणि निघालो. ते वाक्य मी ऑफिसात नेलं, जेवताना समोर ठेवलं, झोपताना उशाला घेतलं. मी चर्चचा सेक्रेटरी, संडेस्कूलचा शिक्षक, मास्तरांचा मुलगा. सात-आठ वर्षांत त्या बाईला माझ्याकडे पाहून ते कधी वाटलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब घरी आले. अण्णांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. यंदापासून रस मनोहर करेल, असं अण्णांनी अडखळत, एकेक शब्द जोडत सांगितलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली. ते गेल्यावर मी अण्णांना विचारलं, मी का नाही? अण्णा ओठ जुळवत राहिले. मला वाटलं शब्द सापडत नाहीयेत. पण सापडले होते.

"तू छान बोलतोस विजय. रस करताना बोलायचं नसतं. तुला जमणार नाही."

वडिलांनी मुलाला दिलेली ती सगळ्यात खरी पावती होती. मला तेव्हा ती चोरी वाटली. माझं त्याला दिलं, एवढंच ऐकू आलं.

पुढचं मी ओळीने सांगतो, कारण इथेच मला इतकी वर्षं पळवाट काढायची सवय लागली आहे.

द्वारकेच्या मागे एका गल्लीत दारूचा गुत्ता होता. ऑफिसातून येताना मी तीन संध्याकाळी मनोहरचा टेम्पो त्याच्या दाराशी उभा पाहिला. पहिल्या दिवशी मला जे झालं त्याला आनंदच म्हणायला हवं. तिसऱ्या दिवशी मी हिराबाईकडे विषय काढला, सहज काढल्यासारखा. ती माझ्याकडे वाकून हळू बोलली. गुत्तेवाल्याची आई आजारी होती. पाय सडले होते. त्या रोगाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. कुठला रिक्षावाला तिला बसवून घेत नव्हता. मनोहर एक दिवसाआड तिन्हीसांजेला तिला उचलून टेम्पोत ठेवायचा, दवाखान्यात पट्ट्या बदलून आणायचा. "पर कुनाला बोलू नका. मुलानं शपथ घातलीय त्याला. तुमी त्याच्या घरचेच, म्हनून बोलले."

म्हणजे मला ठाऊक होतं. हे मी इथे स्वच्छ लिहितो. मला गैरसमज झाला नव्हता.

त्या शुक्रवारी प्रार्थनासभा एका पंचांच्या घरी होती. मनोहर नव्हता, आणि तो का नाही हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. प्रार्थनेसाठी विषय मागितले गेले. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन. मग सगळे विषय घेऊन मी उभा राहिलो. डोळे मिटलेले, पंख्याचा आवाज. परीक्षा झाली, ऑपरेशन झालं. आणि मग मी आवाज खाली आणला.

"प्रभू, आमच्यातल्या एका भावाच्या हाती तू पवित्र काम सोपवलं आहेस. तिन्हीसांजेला त्याचं वाहन ज्या दारासमोर उभं असतं, ते दार तू पाहतोस. त्याला मोहापासून राख."

एकही शब्द खोटा नव्हता. आमेन नेहमीपेक्षा मोठ्याने झालं.

घरी येताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. सुनीता फार बोलणारी नाही. कॉलनीच्या वळणावर तिने विचारलं, ती प्रार्थना कुणासाठी होती. मी म्हणालो, देवाला ठाऊक आहे. ती म्हणाली, "मग देवालाच सांगायचं होतं. आम्हा सगळ्यांना कशाला ऐकवलंत?"

पुढे फार काही करावं लागलं नाही. दोन पंच संध्याकाळी त्या गल्लीतून फिरून आले. टेम्पो उभा होताच. पाळकसाहेब मऊ स्वभावाचे. त्यांनी मनोहरला कारण विचारलं नाही की दोषही दिला नाही. यंदा दुसरा कुणी करेल, एवढंच सांगितलं. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, तू कर. मी म्हटलं, प्रार्थना करून सांगतो. दीड दिवस लावला. लगेच हो म्हणणं बरं दिसलं नसतं.

हा सगळा काळ आठवतो तो उजेडासकट. मार्च संपत आलेला, गुलमोहर अजून फुललेला नाही. बागांतून तोडलेला माल घेऊन ट्रक मुंबईकडे चाललेले, रस्त्यावर सांडलेल्या मण्यांवर मधमाश्या. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी लोक हिरव्या झावळ्या घेऊन गात चालले होते आणि मी सगळ्यांत पुढे होतो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मागे वळून पाहावं तर मनोहर अण्णांची चाकांची खुर्ची ढकलत येत होता, अण्णांच्या डाव्या हातात झावळी होती, आणि अण्णा हसत होते. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते हसू त्याच्याकडून कसं काढून घ्यावं, ते मला कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी अण्णांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, चहाला जाऊन ये. मी विचारलं, कुणाकडे? अण्णा म्हणाले, "तुलाच माहीत."

मी गेलो. हे माझं दुसरं पाप, आणि मला वाटतं पहिल्याहून मोठं.

नाल्याच्या कडेला पत्र्याची दोन खोल्यांची जागा. दारात तुळस नव्हती, पण डालड्याच्या डब्यात मनीप्लँट होता. मनोहर मोरीत पाठमोरा बसून हात घासत होता. मला पाहून गडबडला. "सलाम विजयभाऊ. या या. शांते, पाव्हनं आलं." आम्ही ख्रिस्ती एकमेकांना सलाम म्हणतो, त्याने तो ओल्या हाताने केला. त्याच्या हातात लिंबाची अर्धी फोड होती. हात कोपरापर्यंत लाल झाले होते, एका पेरावर साल निघाली होती.

त्याची बायको शांता चहा ठेवायला गेली. मनोहर माझ्यासमोर जमिनीवर बसला. मी खुर्चीत. मी म्हणालो, रस मला करायला सांगितला आहे. त्याने मान हलवली.

"बरं झालं. तुमी मास्तरांचेच." मग त्याने हात उलटेसुलटे करून पाहिले. "डिझेलचा वास येत आसंल. पाळकसाब बोलले नाय, पर मला कळतं ना. प्रभूच्या रसाला डिझेलचा वास कसा चालंल. किती बी घासा, जात नाय."

आतून शांता म्हणाली, "येत नाय हो वास. मी म्हनते ना." तो तिच्यावर खेकसला, तुला काय कळतं. त्याला मी पहिल्यांदाच कुणावर चिडलेलं पाहिलं.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. मनोहर, वास येत नाही, मी तुझ्याविरुद्ध प्रार्थना केली. एवढंच. ज्या माणसाला कुठेही, कितीही वेळ, कुणाच्याही दुःखावर बोलता येत होतं, त्याला हे एक वाक्य बोलता आलं नाही. मी म्हणालो, "तसं काही नसेल." असं, की त्याला ते खरं वाटू नये.

चहा आला. मी प्यायलो. त्याने उठून पत्र्याच्या पेटीतून मलमलचं पांढरं कापड काढलं, कोरं, घडी न मोडलेलं. रसासाठी आणून ठेवलं होतं. ते मला दिलं आणि वाफ कशी धरू द्यायची ते समजावून सांगितलं, मी लहानपणापासून पाहिलेलंच. मी कापड घेतलं. घरी येऊन अण्णांना सांगितलं, चहा पिऊन आलो. अण्णांनी डोळे मिटले.

रस छान झाला होता. सगळे म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी लोक ओळीने वेदीपुढे गुडघे टेकत होते. आमच्याकडे एकच प्याला असतो. पाळकसाहेब तो ओठांशी आणतात आणि घेणारा त्याला खालून हात लावतो. मनोहरची पाळी आली. त्याने गुडघे टेकले, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. प्याल्याला हात न लावता, मान पुढे करून तो प्यायला. पाळकसाहेब क्षणभर थबकले. मी पहिल्या बाकावरून त्याची ती मागे बांधलेली बोटं पाहत होतो. लिंबाने सोललेली.

त्या पावसाळ्यात अण्णा गेले. मनोहरनेच त्यांना शेवटचं उचललं.

वर्षं गेली. शहर वाढलं, मखमलाबादच्या मळ्यांत इमारती उभ्या राहिल्या, हिराबाई दिसेनाशी झाली. गुत्तेवाल्याची आई वारली, गुत्ताही उठला. मनोहरने टेम्पो विकला आणि सायखेड्याला परत गेला, एका बागाईतदाराकडे कामाला. पण त्याआधी पाच-सहा वर्षं, प्रत्येक प्रभुभोजनाला, तो हात मागे घेऊनच गुडघे टेकत राहिला. लोकांना ती नम्रता वाटली. आधी एक-दोन म्हाताऱ्या तसं करू लागल्या. मग आणखी काही. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. आमच्या मंडळीत मी लावलेली ती एकच रीत आहे.

रस मी करत राहिलो. दरवर्षी बुधवारी कुणाकडे तरी चहालाही गेलो, सोप्या माणसांकडे.

गेल्या वर्षी पवित्र गुरुवारी, नुकतंच दृढीकरण होऊन मंडळीची पूर्ण सभासद झालेली एक मुलगी पहिल्यांदा प्रभुभोजनाला पुढे आली. पांढरा ड्रेस, घाबरलेली. तिच्या आईने मागून हळूच सांगितलं, हात मागे घे, तसं घ्यायचं असतं. मुलीने हात मागे घेतले. मला ते सहन झालं नाही.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी उपासना संपत असताना मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. प्रार्थना, टेम्पो, म्हातारी, चहा. आवाज फुटला तेव्हा मी तो फुटू दिला. लोक रडले. बाहेर आल्यावर लोकांनी माझे हात हातात घेतले. एकजण म्हणाले, अशी साक्ष फार वर्षांनी ऐकली. नवीन पाळकसाहेबांनी विचारलं, तालुक्याच्या मेळाव्यात हे सांगाल का? मी पायरीवर उभा होतो आणि मला कळत होतं की मी पुन्हा एकदा छान बोललो आहे. सुनीता शेजारी होती. ती म्हणाली, "ज्याला सांगायचं तो इथे कुठे आहे?"

सोमवारी मी बसने सायखेड्याला गेलो. हंगाम संपत आला होता. गोदावरीच्या काठच्या त्या बागेत शेवटची तोडणी चालू होती. मांडवाखाली बायका कात्रीने घडांतले खराब मणी काढत होत्या. मनोहर पेट्यांत कागद अंथरत होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्याला खरंच आनंद झाला. मास्तरांची आठवण काढली, सुनीताची चौकशी केली, बायकांना सांगितलं, आमच्या चर्चचे सेक्रेटरी हायेत, लय भारी प्रार्थना करतात.

मी त्याला बांधावर नेलं आणि सांगितलं. यावेळी दोन-तीन वाक्यांत, आवाज न बदलता. माझ्याकडे दुसरे शब्द नव्हतेच.

त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे वास येत नव्हता?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

पलीकडे एक बाई कशावर तरी हसत होती. मनोहरने हात वर उचलले, जणू नाकाशी नेणार, आणि मधेच खाली सोडले.

"शांतावर किती चिडलो मी," तो म्हणाला. "ती रोज सांगायची." त्याचा आवाज चढला नव्हता. मी वाट पाहत होतो. मला खोटं बोलायचं नाही, मी कशाची वाट पाहत होतो ते सांगतो. तो माझ्या खांद्यावर हात ठेवेल, जाऊ द्या विजयभाऊ म्हणेल, आणि त्याच्या चांगुलपणाचा मला पुन्हा मत्सर वाटेल, याची. त्याची मला सवय होती.

"माफ करीन," तो म्हणाला. "करावंच लागंल, प्रभूचं भोजन घेतो म्हंजे करावंच लागंल. पर आज नाय. आज तुमी जा."

तो मांडवाकडे वळला आणि पेट्यांपाशी बसला. मी बांधावरून रस्त्यापर्यंत आलो. बस यायला पाऊण तास होता. मी आयुष्यात कितीजणांना 'माफ केलं' म्हणालो असेन, कुणी चुकून पाय दिला तर जितक्या लवकर म्हणतो तितक्या लवकर. त्यातलं एकही त्याच्या 'आज नाय' इतकं खरं नव्हतं. तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून मला त्याचाही मत्सर वाटला, हे मी लपवत नाही.

रस आता मंडळीतली दुसरी माणसं करतात. मेळाव्यात मी गेलो नाही. या वर्षभरात मला सायखेड्याला जावंसं अनेकदा वाटलं, झालं का म्हणून विचारायला. सुनीताने फोन नंबरही मिळवून दिला आहे. तो मी डायरीत लिहून ठेवला आहे आणि लावलेला नाही. कुठल्या तरी दिवशी, पेट्या भरताना किंवा नदीवर पाय धुताना, त्याचा तो दिवस येईल, किंवा नाही येणार. ते ठरवणं त्याचं आहे. त्याच्या मालकीची एवढी एक गोष्ट तरी मी यावेळी त्याच्याकडेच राहू दिली आहे.